डॉ. फ्रेडरिक बँटिंग

कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात ॲलिस्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावानजीकच्या एका शेतमळ्यावर १४ नोव्हेंबर १८९१ रोजी फ्रेडरिक ग्रँट बँटिंग यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. आपल्याकडे ज्या दिवशी बालदिन साजरा होतो, त्याच दिवशी जगभर मधुमेह दिनही पाळला जातो. तो दिवस निवडला गेला तो बँटिंग यांच्या जन्मतिथीमुळेच.

लहानपणी फ्रेडरिकचा बराचसा वेळ शेतावर आणि गुरांच्या सहवासात गेला. गुरांची निगा कशी राखावी, ती बाजारात केव्हा न्यावी, हे सारे त्याने वडिलांच्या पाठोपाठ हिंडून पाहिले होते. हे ज्ञान पुढे किती मोलाचे ठरणार आहे, याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. शाळेत मात्र तो फारसा चमकला नाही. मेहनती होता, शांत होता. पण शुद्धलेखनाने त्याला जन्मभर दगा दिला. पदवीचे शिक्षण घेण्यासाठी इ. स. १९१० मध्ये तो टोरांटो विद्यापीठात दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी परीक्षेत नापास झाला. आपल्या मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. फ्रेडरिकचे मन तिकडे रमेना. अखेर १९१२ साली त्याने वैद्यकाची वाट धरली.

पहिले महायुद्ध पेटलेले असल्याने वैद्यकाचा अभ्यासक्रम घाईने आटोपण्यात आला. १९१६ च्या डिसेंबरात पदवी मिळताच बँटिंग सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले. १९१८ च्या सप्टेंबरात फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईत तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. तशाही स्थितीत ते कितीतरी तास इतर जखमींची शुश्रूषा करीत राहिले. या धैर्याबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ हे सन्मानपदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर १९२० च्या उन्हाळ्यात त्यांनी ऑन्टॅरिओतील लंडन या गावी दवाखाना थाटला. हे लंडन इंग्लंडची राजधानी नव्हे; कॅनडातीलच त्याच नावाचे शहर. दारावर पाटी लागली, पण रोगी काही येईनात. पहिल्या महिन्याची त्यांची सारी कमाई अवघी चार डॉलर होती! पोटासाठी त्यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात थोड्या वेळाचे अध्यापन पत्करले. ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करीत असताना स्वादुपिंडाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांची झोप उडाली. ती का उडाली हे समजण्यासाठी त्या काळी मधुमेह म्हणजे काय होते, हे आधी जाणून घेतले पाहिजे.

आपण खाल्लेल्या अन्नापासून साखर तयार होते आणि ती रक्तावाटे शरीरभर पोहोचते. मधुमेही माणसाच्या रक्तात साखर पुष्कळ असते, परंतु शरीराला ती वापरता येत नाही. भरल्या कोठारापाशी उपाशी राहावे, तशी त्याच्या शरीराची गत होते. त्या काळी हा रोग एखाद्या मुलाला जडला की त्याची तहान शमेनाशी होई, ते दिवसेंदिवस वाळत जाई आणि बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावे. वैद्यांपाशी एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. अन्न अगदी मोजून, नावापुरते द्यावयाचे. म्हणजे मरण काही महिने पुढे जाई. आईबापांनी आपल्या हाडांचा सापळा झालेल्या मुलाच्या हातून भाकरीचा तुकडा काढून घ्यावयाचा, हेच त्या काळचे औषध होते.

रोगाचे मूळ कोठे आहे, हे तोवर शास्त्रज्ञांना कळून चुकले होते. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी असते. १८८९ साली मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह जडला. या ग्रंथीचा बराचसा भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. पण त्या भागात, समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तसे, पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. लँगरहान्स या विद्यार्थ्याने ते १८६९ साली प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांतून एक निराळाच रस रक्तात उतरत असावा आणि साखरेचा विनियोग त्याच्यामुळेच होत असावा, असे अनुमान निघाले. मग तो रस काढून रोग्याला का देऊ नये? अनेकांनी तसा प्रयत्न केला. कोणाच्या अर्काने काहीच गुण येईना, तर कोणाच्या अर्काने गुण येई पण त्याबरोबर ताप भरे. अडचण अशी होती, की ग्रंथी वाटली की तिच्यातील पाचक रस त्या दुसऱ्या रसालाच पचवून टाकी. आणि जे उरे ते इतके गढूळ असे, की ते माणसाच्या अंगात टोचणे म्हणजे एक रोग काढून दुसरा घालणे होय. रस अस्तित्वात होता, पण तो निर्मळ कसा करावा हे कोणालाच साधत नव्हते.

बँटिंग यांनी वाचलेल्या लेखात असे लिहिले होते, की खड्याने स्वादुपिंडाची नळी बुजली तर पाचक रसाच्या पेशी सुकून जातात, पण बेटे शाबूत राहतात. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यांनी वहीत आपली कल्पना टिपून ठेवली : कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधावी, पाचक भाग सुकू द्यावा आणि मग उरलेल्या बेटांतून रस काढावा. त्या टिपणात मधुमेहाचे इंग्रजी नावसुद्धा त्यांनी चुकीच्या अक्षरांनी लिहिले आहे. शुद्धलेखनाचा दोष अशा वेळी तरी कोण पाहणार?

आपली कल्पना घेऊन बँटिंग टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेले. मॅक्लाउड हे या विषयातील नामांकित पंडित. समोरच्या तरुणाचे या विषयातील वाचन तोकडे आहे, हे त्यांनी तत्काळ ओळखले. तरीसुद्धा त्यांनी त्याला पुरते झिडकारले नाही. १९२१ च्या उन्हाळ्यात त्यांनी बँटिंग यांना एक प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा एक तरुण मदतनीस दिला. बेस्ट आणि त्याचा एक सोबती या दोघांनी नाणे उडवून पहिली पाळी कोणाची ते ठरवले, असे सांगतात. १७ मे रोजी काम सुरू झाले. बँटिंग यांना त्या उन्हाळ्यात वेतन नव्हते.

आरंभीचे आठवडे निराशेचे होते. शस्त्रक्रियेनंतर बरीच कुत्री दगावली. ज्यांची नळी बांधली होती त्यांतील बहुतेकांच्या पोटातील तात आतल्या आत विरघळून गेली होती, म्हणून ते काम पुन्हा करावे लागले. प्रयोगशाळेत उकाडा असह्य होता. अखेर ३० जुलै रोजी सुकलेले एक स्वादुपिंड थंडगार खारट द्रावणात वाटून व गाळून त्यांनी तो अर्क मधुमेह झालेल्या एका कुत्र्याला टोचला. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर लक्षणीय रीतीने उतरली! पुढे ९२ क्रमांकाच्या कुत्र्याला त्यांनी अर्काच्या बळावर वीस दिवस जगवले. हा कुत्रा त्यांना इतका सरावला होता, की रक्त देण्यासाठी आपणहून मेजावर उडी मारी. तो गेला तेव्हा युद्धात इतकी मरणे पाहिलेल्या बँटिंग यांनाही रडू आवरले नाही. माणसांच्या मुलांना जगवण्यासाठी या मुक्या प्राण्यांनी दिलेले मोल थोडे नव्हते, हे विसरता येत नाही.

परंतु एका कुत्र्याला काही दिवस जगवण्यासाठी दुसऱ्या कुत्र्याचे स्वादुपिंड लागावे, या हिशेबाने माणसे कशी जगवणार? नळी बांधायची, मग सात आठवडे थांबायचे आणि शेवटी हाती यायचे काय, तर चमचाभर अर्क! येथे बँटिंग यांना बालपणीचे शेत आठवले. गाई बाजारात पाठवण्यापूर्वी त्या गाभण असाव्यात, म्हणजे त्या अधिक पुष्ट होतात, ही शेतकऱ्यांची रीत त्यांना ठाऊक होती. तेव्हा कत्तलखान्यात न जन्मलेल्या वासरांची स्वादुपिंडे मिळतील आणि त्या कोवळ्या ग्रंथींत पाचक रस नसल्यासारखाच असेल, असा त्यांनी तर्क केला. तर्क खरा ठरला. मग डिसेंबरात त्यांनी पाण्याऐवजी मद्यार्क वापरून पाहिला. मद्यार्काने पाचक रसाची शक्ती मारली जाई आणि तो हलक्या उष्णतेवर उडवून लावला की अर्क मागे उरे. हीच रीत मोठ्या गुरांच्या साध्या स्वादुपिंडावर लावली, तरी गुण आला!

या ठिकाणी एक मौजेची गोष्ट घडली. ज्या कल्पनेने बँटिंग यांची झोप उडाली होती, तिची आता गरजच उरली नाही. नळी बांधणे नको, कुत्री नकोत. कत्तलखान्यात दररोज जी ग्रंथी टोपल्यांनी मिळे, तीच पुरेशी होती. कल्पना चुकीची, पण तिच्या मागे जाता जाता वाट बरोबर सापडली. शास्त्राच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

आता खरी अडचण उरली ती शुद्धतेची. त्या कामासाठी मॅक्लाउड यांनी जेम्स कॉलिप नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला आपल्या चमूत घेतले. कॉलिप हे बँटिंग यांच्याहून वर्षाने लहान, पण रसायनाच्या कामात अत्यंत निष्णात. अर्क चांगला की वाईट हे पाहण्यासाठी कुत्र्यांवर दिवसचे दिवस घालवण्याऐवजी त्यांनी सशाच्या रक्तातील साखर मोजण्याची सोपी रीत बसवली, आणि त्यामुळे काम पुष्कळच झपाट्याने होऊ लागले.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या जनरल इस्पितळात लेनर्ड टॉम्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. त्या मुलाचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे सुमारे तीस किलो होते. अर्क तपकिरी, दाट आणि गढूळ होता. रक्तातील साखर काहीशी उतरली, पण सुई टोचल्या जागी गळू झाले आणि वैद्यांनी पुढचे टोचणे थांबवले. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते औषध हाती असूनही, त्यातील गाळामुळे ते देता येत नव्हते!

कॉलिप रात्रंदिवस कामाला लागले. त्यांनी जे केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. स्वादुपिंडाच्या अर्कात शेकडो पदार्थ मिसळलेले असतात. प्रत्येक पदार्थ मद्यार्काच्या एका ठरावीक तीव्रतेपर्यंत विरघळलेला राहतो आणि ती तीव्रता ओलांडली की साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. आगगाडीतील उतारू जसे आपापल्या स्थानकावर उतरतात, तसे हे पदार्थ एकामागून एक खाली उतरतात. कॉलिप यांनी मद्यार्काचे प्रमाण थोडे थोडे वाढवीत नेले. शेकडा ऐंशीच्या सुमारास नको असलेली पुष्कळशी प्रथिने तळाशी बसली. ती गाळून टाकली. पण हवा असलेला रस अद्यापि वरच्या द्रवातच होता. प्रमाण आणखी वाढवून शेकडा नव्वदीच्या वर नेताच तोही खाली उतरला. चरबी ईथरने धुऊन काढता येत होती, क्षार वरच्या द्रवाबरोबर निघून जात होते. दोन स्थानकांच्या मध्ये चोर पकडावा तसा कॉलिप यांनी तो रस नेमका गाठला. जानेवारीच्या उत्तरार्धात एका रात्री त्यांना ही गोष्ट साधली, आणि तळाशी उरलेल्या त्या पांढुरक्या भुकटीकडे पाहून त्यांना जो आनंद झाला असेल त्याची कल्पनाच करावी.

२३ जानेवारी रोजी लेनर्डला हा नवा अर्क टोचला. चोवीस तासांत त्याच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली. मुलगा उठून बसू लागला, त्याच्या चेहऱ्यावर तेज दिसू लागले. आणि गळू? ते मुळीच झाले नाही. तोच रस, तीच ग्रंथी, तोच मुलगा. अंतर होते ते केवळ शुद्धतेचे. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला.

परंतु याच दिवसांत एक अप्रिय प्रसंगही घडला. आपली रीत इतक्यात इतरांना सांगावयाची नाही, असे कॉलिप यांनी ठरवले. आपल्या शोधाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरी जाणार, या संशयाने बँटिंग आधीच पोखरले गेले होते. ते संतापले, प्रकरण हातघाईवर आले असे सांगतात. बेस्टने मध्ये पडून दोघांना आवरले. ज्यांच्या हातून हजारो मुलांचे प्राण वाचणार होते, ती माणसे अशी भांडावीत याचे वाईट वाटते. पण शास्त्रज्ञ हीही माणसेच. सुदैवाने २५ जानेवारीला चौघांनी एका करारावर सह्या केल्या आणि काम पुढे चालू राहिले.

या रसाला पुढे ‘इन्सुलिन’ हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत ‘इन्सुला’ म्हणजे बेट. ३ मे १९२२ रोजी वॉशिंग्टन येथे भरलेल्या वैद्यांच्या सभेत मॅक्लाउड यांनी हा शोध जाहीर केला, तेव्हा सारी सभा उठून उभी राहिली.

सभेत टाळ्या पडत होत्या, पण टोरांटोमध्ये मात्र औषध नव्हते! काही आठवड्यांपूर्वीच एक भयंकर गोष्ट घडली होती. लहान भांड्यांत जी रीत निर्वेध चाले, ती मोठ्या भांड्यांत चालेनाशी झाली. निर्वात पात्रातून मद्यार्क उडवून लावण्यास अधिक वेळ लागे, उष्णता वाढे आणि नाजूक रस निकामी होई. खुद्द कॉलिप यांच्या हातूनही तो निघेना. इस्पितळात मुले वाट पाहत पडली होती आणि ज्या माणसाला औषध करण्याची कला अवगत होती, त्याच्याच हातून ती निसटली होती. कॅनॉट प्रयोगशाळेत बेस्ट व इतरांनी एकेक पायरी पुन्हा तपासली. शेवटी निर्वात पात्राऐवजी उथळ तबकांत अर्क पसरून त्यावरून पंख्याने कोमट वारा सोडण्याची युक्ती लाभली. आपल्याकडे पापड-कुरडया पसरून वाळवतात, तसाच हा प्रकार. त्यामुळे मद्यार्क झटपट उडे आणि अर्क तापत नसे. मे महिन्याच्या मध्यास इन्सुलिन पुन्हा हाती आले.

औषधाच्या प्रत्येक नव्या घाण्याची परीक्षा माणसावरही करावी लागे. बँटिंग यांचे सहाध्यायी डॉ. जो गिलख्रिस्ट हे स्वतः मधुमेही होते. नवा घाणा आला की तो ते प्रथम स्वतःला टोचून घेत. त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही, पण ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मागणी इतकी वाढली, की एकट्या टोरांटोला ती पुरवणे अशक्य झाले. अमेरिकेतील एली लिली या औषध कंपनीशी करार करण्यात आला. तेथे जॉर्ज वॉल्डन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला १९२२ च्या अखेरीस आणखी एक युक्ती सापडली. दुधात लिंबू पिळले म्हणजे दूध नासते आणि चोथा व निवळी वेगवेगळी होतात, हे आपण घरी पाहतो. याचे कारण असे, की प्रत्येक प्रथिनाचा आंबटपणाचा एक ठरावीक बिंदू असतो. त्या बिंदूवर ते पाण्यात तरंगू शकत नाही, गोळा होऊन खाली बसते. इन्सुलिनचाही असा बिंदू आहे. वॉल्डन यांनी द्रावणाचा आंबटपणा नेमका तेथे आणून ठेवला, तेव्हा इन्सुलिन आपोआप खाली बसले आणि पुष्कळसा मळ द्रवात राहिला. मद्यार्क कमी लागला, रस वाया कमी गेला, आणि मिळालेले इन्सुलिन पूर्वीच्या दसपटीहूनही अधिक शुद्ध होते. ते टिकतही अधिक काळ असे. या एका युक्तीने औषध कारखान्यात करता येण्याजोगे झाले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी बँटिंग यांच्याकडे उपचारासाठी आली होती. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही कन्या पंधराव्या वर्षात होती आणि तिचे वजन होते अवघे ४५ पौंड. तीन वर्षे ती उपासमारीवर जगली होती. बँटिंग यांनी तिला टोचणे सुरू केले आणि पोटभर जेवू घातले. ती पुढे लग्न होऊन संसारी झाली आणि १९८१ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी वारली.

इन्सुलिनच्या पेटंटावर बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी मनात आणले असते तर अपार धन मिळवता आले असते. त्यांनी आपले सारे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकले. भेसळ होऊ नये आणि कोणा एकाची मक्तेदारी होऊ नये, यासाठीच विद्यापीठाने ते घेतले. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांची पत्नी मधुमेही होती. त्यांनी टोरांटोला येऊन रीत समजून घेतली आणि मायदेशी कारखाना सुरू केला.

१९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग तेव्हा बत्तिशीत पदार्पण करीत होते. बातमी ऐकून ते आनंदले नाहीत, उलट रागावले. बेस्टचे नाव त्यात नव्हते. त्यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्टला दिली. मॅक्लाउड यांनी आपली निम्मी रक्कम कॉलिप यांना दिली. मॅक्लाउड यांच्याविषयी बँटिंग यांच्या मनातील अढी मात्र कधीच गेली नाही, आणि येथे त्यांच्याकडून अन्याय झाला असे म्हणावे लागते. कारण मॅक्लाउड यांनी जागा, माणसे व मार्गदर्शन दिले नसते, तर ती पहाटेची टीप वहीतच राहिली असती.

इन्सुलिन शुद्ध करण्याचे काम तेथेच थांबले नाही. १९२६ साली एबल यांनी त्याचे स्फटिक बनवले. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत त्याची संपूर्ण रचना उलगडली. अमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवून जी लहानशी माळ होते, तिला पेप्टाइड म्हणतात. इन्सुलिन म्हणजे अशा दोन माळा, एक एकवीस मण्यांची आणि दुसरी तीस मण्यांची, एकमेकींत गुंतलेल्या. १९८२ पासून सूक्ष्म जंतूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेऊन ते वापरात आले, आणि मणांनी ग्रंथी गोळा करण्याचे कारण हळूहळू उरले नाही. पण जंतूंच्या रसातूनही ते निवडून काढावेच लागते. टिपकागदावर शाईचा थेंब टाकून कागद पाण्यात टेकवला, की शाईतील निरनिराळे रंग निरनिराळ्या अंतरावर पोहोचतात. त्याच तत्त्वावर उंच नळकांड्यांतून हे रस वेगळे करतात. या कामी पाणी आणि द्रावके पुष्कळ लागतात. ती एकदा वापरून फेकून न देता ऊर्ध्वपातनाने पुन्हा शुद्ध करून घ्यावीत, आणि विषारी द्रावकाऐवजी शक्य तेथे साधा मद्यार्क वापरावा, असा प्रयत्न आज चालू आहे. कॉलिप यांचा मद्यार्क अशा रीतीने पुन्हा कारखान्यात येऊ पाहत आहे.

बँटिंग यांना १९३४ साली ‘सर’ ही पदवी मिळाली. कीर्ती त्यांना फारशी मानवली नाही. सवड मिळेल तेव्हा ते चित्रकार ए. वाय. जॅक्सन यांच्यासोबत बर्फाळ प्रदेशात जाऊन निसर्गचित्रे काढीत; १९२७ साली तर ते उत्तर ध्रुवाकडील प्रदेशापर्यंत जाऊन आले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर उंचावर उडणाऱ्या वैमानिकांच्या शरीरावर काय परिणाम होतात, याच्या संशोधनात त्यांनी स्वतःला वाहून घेतले.

१९४१ च्या फेब्रुवारीत या कामासाठी इंग्लंडला जावयास ते निघाले. वाटेत माँट्रिअल येथे त्यांनी एक संध्याकाळ कॉलिप यांच्यासोबत घालवली. एके काळी हातघाईवर आलेले हे दोघे आता जिवलग मित्र झाले होते. २० फेब्रुवारीच्या रात्री त्यांचे विमान न्यू फाउंडलंडमधील गँडर येथून उडाले. थोड्याच वेळात यंत्रे बंद पडली आणि ते मस्ग्रेव्ह हार्बरनजीकच्या हिमाच्छादित रानात कोसळले. दोघे सोबती जागीच ठार झाले. बँटिंग जबर जखमी होऊन भ्रमात पडले होते. त्या भ्रमात ते वैद्यकशास्त्रातील कसलीशी टिपणे सांगत राहिले, आणि वाचलेला वैमानिक मॅकी त्यांच्या समाधानासाठी ती उतरून घेत असल्याचे भासवीत राहिला. दुसऱ्या दिवशी बँटिंग यांचे देहावसान झाले. टोरांटो येथील माउंट प्लेझंट स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.